घराचे ठरेपर्यंत मुलाचे थांबवावे का?

पिंप्राळ्याची सून, जळगाव (प्रश्न)

नमस्कार. आमच्या लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. माझे वय २९ आहे आणि यजमानांचे ३२. ते औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिकच्या चटया बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि मी एका खासगी शाळेत शिकवते. त्यांचे २६ हजार आणि माझे १६ हजार असे मिळून महिन्याला ४२ हजार रुपये हाती येतात. मूल हवे याबद्दल आमच्यात दुमत नाही. दुमत आहे ते केव्हा याबद्दल, आणि दर वेळी बोलणे घराच्या विषयावर येऊन अडते.

घर सासऱ्यांचे आहे. आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक अशी पुढची खोली, मधली खोली आणि शेवटी स्वयंपाकघर अशी त्याची रचना आहे. पुढच्या खोलीत सासू-सासरे झोपतात, मधली खोली आमची आहे, आणि धाकटे दीर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरात बसतात. न्हाणीघर आणि संडास त्याच्याही मागे आहेत. आमच्या खोलीला कडी आहे, पण ती लावता येत नाही, कारण सासऱ्यांना मधुमेह असल्यामुळे रात्री उठावे लागते आणि मागे जाण्याची वाट आमच्या पलंगाला लागूनच जाते. उन्हाळ्यात तर सगळे घर गच्चीवर झोपते. सासू-सासरे मनाने फार चांगले आहेत. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही, जागेविषयी आहे.

यजमानांचे म्हणणे असे की आधी स्वतःचे घर, मग मूल. त्यांचे बालपण याच घरात, पाहुणे आले की दप्तर उचलून शेजाऱ्यांच्या ओट्यावर अभ्यास करण्यात गेले, आणि ते आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये असे त्यांना मनापासून वाटते. मला त्यांचे पटते, पण घर होईपर्यंत माझे वय कुठे जाईल याची भीतीही वाटते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की आणि श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवात रोटांच्या जेवणाला सगळी भाऊबंदकी जमली की पाळणा कधी हलणार, हा प्रश्न ठरलेला असतो. त्या वेळी कडी न लावता येणाऱ्या दाराबद्दल कुणाला काय सांगावे, हे मला कळत नाही.

आमच्यापुढे तीन वाटा आहेत. जवळपास सात-आठ हजार रुपये भाड्याचा वन बीएचके घेणे, शहराच्या कडेला २४ लाखांपर्यंतचा फ्लॅट कर्ज काढून घेणे, किंवा याच घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली चढवणे. घरासाठी मुलाचे थांबवणे कितपत शहाणपणाचे आहे, हे अशा परिस्थितीतून गेलेल्यांनी सांगावे. चोच देणारा चाराही देतो, हे उत्तर घरी रोज मिळते, म्हणून ते कृपया इथे नको.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

ताई, तुमचा प्रश्न वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटली ती ही, की आमच्या पिढीने तुमच्या पिढीला "आमच्या वेळी एका खोलीत चार-चार पोरे वाढली" असे ऐकवू नये. मी दोन खोल्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दोन मुले वाढवली, ही गोष्ट खरी आहे. पण त्या दोन खोल्यांबरोबर आम्हाला जे मिळाले होते ते आज तुम्हाला मिळत नाही, आणि सांगणारे नेमके तेवढे वगळून सांगतात. निवृत्त होईपर्यंत ते क्वार्टर आमच्याकडून कोणी काढून घेणार नव्हते. आजारपणाला रेल्वेचे रुग्णालय होते, शाळा पायी जाण्याच्या अंतरावर होती, आणि दाराबाहेर कडुलिंबाखाली एवढे मोठे अंगण होते की घर लहान आहे हे मुलांना कधी जाणवलेच नाही, कारण ती घरात फक्त जेवायला आणि झोपायला येत असत. मूल होऊ देताना आम्ही खोलीची लांबी-रुंदी मोजली नाही, कारण पुढची वीस वर्षे कुठे काढायची याची चिंता आम्हाला नव्हती.

तुमच्या पिढीचा भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. बारसे झाले की बारा महिन्यांच्या आत बिऱ्हाड हलवावे लागेल, या विचाराने एखादे जोडपे थांबत असेल, तर मी त्याला भित्रे म्हणणार नाही. माझ्या मते चौरस फुटांपेक्षा हा भरवसा मोठा आहे, आणि घर शोधताना तोच आधी पाहावा.

दुसरी गोष्ट मी सासरा या नात्याने बोलतो. तुमच्या घरात खोलीची अदलाबदल का होऊ शकत नाही? सासू-सासरे मधल्या खोलीत आले तर सासऱ्यांनाही रात्री मागे जाणे सोपे पडेल, आणि पुढची खोली तुम्हाला मिळेल. तिचे दार रस्त्याकडे उघडत असले तरी आतल्या बाजूने कडी लावता येईल. बैठकीची खोली सुनेला दिली तर चार लोक काय म्हणतील, असा विचार वडीलधाऱ्यांच्या मनात येतो, आमच्याही घरात आला होता. मुलगा सासऱ्यांशी बोलायला संकोचत असेल, तर नात्यातल्या एखाद्या काकांना मध्ये घालावे. आणि घराच्या एका बाजूला बोळ असेल, तर स्वयंपाकघराला बाहेरून दुसरे दार पाडून घ्यावे. गवंड्याचे हे फार मोठे काम नाही, आणि ते झाले की मधल्या खोलीतून कोणाला जावेच लागणार नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ, धुळे

काकांनी सांगितलेल्या दुसऱ्या दाराला मी वैद्यकीय कारणानेही दुजोरा देते. मूल होत नाही म्हणून सासूबाई सुनेला घेऊन माझ्याकडे येतात, तपासण्यांची फाईल जाडजूड झालेली असते, आणि नवरा-बायकोशी एकांतात बोलल्यावर कळते की महिन्यातून फार तर एक-दोनदा त्यांना एकत्र निजण्याची संधी मिळते, तीही धास्तावून. अशा जोडप्याला औषधांची गरज नसते. त्यांना दार बंद होणारी खोली लागते. हे मी चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही, म्हणून सासूबाईंना बाजूला बसवून समजावून सांगते, आणि बहुतेक सासवा ते समजून घेतात. त्यांनीही कधीकाळी तेच सोसलेले असते, फक्त कोणी त्यांना विचारलेले नसते.

आता वयाबद्दल. २९ हे घाबरण्याचे वय नाही. गर्भधारणेची क्षमता तिशीत हळूहळू उतरते आणि पस्तिशीनंतर तो उतार अधिक तीव्र होतो. पस्तिशीच्या आत असलेल्या स्त्रीने वर्षभर नियमित प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी, आणि पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनीच यावे, असे आम्ही सांगतो. हे आकडे तुमच्या हिशेबात असे धरा: दोन मुले हवी असतील, तर एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे पहिले मूल ३१ व्या वर्षी झाले, तर दुसरे ३४ च्या सुमारास होईल, आणि ते ठीक आहे. पहिलेच मूल ३५ पर्यंत लांबवले, तर दुसऱ्याचा निर्णय तुमच्या हातात पूर्णपणे राहणार नाही. थांबायचे असेल तर एक-दोन वर्षे खुशाल थांबा, पण ते वर्ष कोणते हे ठरवून थांबा. "घर झाल्यावर" ही तारीख होत नाही.

थांबण्याच्या काळात कोणते साधन वापरता हेही महत्त्वाचे आहे. तांबी काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन बंद केल्यावर मात्र काही महिने जाऊ द्यावे लागतात, आणि पुढच्या वर्षी मूल हवे असणाऱ्या स्त्रीला हे आधीच माहीत असायला हवे.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याखालची खोली रात्रीसुद्धा बाहेरच्या हवेपेक्षा गरम राहते. तीव्र उष्णतेचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलेला आहे. गरोदर बाईचे पाय सुजतात, तिला झोप लागत नाही, शरीरात पाणी कमी पडते. सिझेरियन झालेल्या बाईला दिवसातून कितीतरी वेळा अरुंद जिना उतरून खाली न्हाणीघरात जावे लागणे वेगळेच. खोली चढवायचीच असेल तर स्लॅबची चढवा, पश्चिमेच्या भिंतीला सावली द्या, वरून पांढरा चुना मारा, आणि तिथेच लहानसे न्हाणीघर काढा.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक, नंदुरबार

मूळ प्रश्न एका घराचा असला तरी तो एका घरापुरता नाही, म्हणून थोडी माहिती जोडतो.

२०१२ मध्ये प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने देशाच्या शहरी भागांत १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची टंचाई असल्याचा अंदाज दिला होता. त्यांपैकी १ कोटी ४९ लाख ९० हजार, म्हणजे दहातली जवळजवळ आठ, बेघर लोकांची किंवा मोडकळीस आलेल्या घरांची नव्हती. ती दाटीवाटीची होती, आणि दाटी मोजण्याची कसोटी अशी होती की घरातल्या प्रत्येक विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली आहे की नाही. जनगणनेच्या घरयादीतसुद्धा राहण्याच्या खोल्या किती आणि घरात विवाहित जोडपी किती, हे दोन्ही विचारले जाते. ताईंना जे कानबाईच्या पंगतीत सांगता येत नाही, ते सरकारी कागदावर घरटंचाईचे सर्वांत मोठे कारण म्हणून नोंदलेले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

घराच्या किमतीचा जन्मदराशी काय संबंध असतो, याचा अभ्यास अमेरिकेत लिसा डेटलिंग आणि मेलिसा केर्नी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. घरांच्या किमती दहा हजार डॉलरने वाढल्या तर ज्यांच्याकडे स्वतःचे घर आहे त्यांच्यात जन्म सुमारे ५ टक्क्यांनी वाढतात आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्यात सुमारे २.४ टक्क्यांनी घटतात, असे त्यांना आढळले. एकाच बाजारभावाने एका जोडप्याला धीर येतो आणि दुसरे मागे सरते. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी, ०.७२ पर्यंत खाली गेला, आणि तिथल्या सरकारने जानेवारी २०२४ पासून नवजात बाळ असलेल्या कुटुंबांना घरासाठी कमी व्याजाचे खास कर्ज देणे सुरू केले. घर स्वस्त केले की पाळणे हलतील, इतके हे गणित सरळ मात्र नाही. नोकरीचे तास, शिक्षणाचा खर्च आणि बाळाला सांभाळणारे माणूस हे सगळे त्यात असते.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशाचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आला. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशाचा हाच दर ३.४ होता. त्यामुळे भुसावळच्या काकांनी केलेली सूचना योग्य आहे, आजच्या जोडप्यांची मागच्या पिढीशी तुलना करणेच चूक आहे. खानदेशात मला जे दिसते ते असे, की पहिले मूल लोक घराच्या अडचणीतही होऊ देतात, कारण समाजाचा रेटा मोठा असतो. खोलीचा हिशेब खरा लागतो तो दुसऱ्या मुलाच्या वेळी. माझ्या ओळखीतल्या कितीतरी शिक्षक आणि दुकानदार जोडप्यांनी एकावर थांबण्याचे कारण विचारल्यावर शिक्षणाचा खर्च सांगितला आणि दोन वाक्यांनंतर "आणि जागा तरी कुठे आहे" हेही सांगितले.

शिंदखेड्याचा, सध्या सुरत

आमच्याकडचे हजारो लोक उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत राहतात, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांची अडचण ताईंच्या अडचणीच्या पुढची आहे. मी लग्नानंतरची पहिली काही वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यात काम करत गावाकडच्याच मुलांबरोबर एका खोलीत राहिलो, आणि पत्नी शिंदखेडा तालुक्यात माझ्या आईवडिलांजवळ होती. खोली घेऊ तेव्हा तिला आणू, घर घेऊ तेव्हा मुलाचा विचार करू, असे ठरले होते. दिवाळीला आणि आखाजीला ताप्तीमार्गाच्या गाडीने गावी जायचे आणि चार दिवसांनी परत यायचे, एवढाच आमचा संसार होता. स्वतःच्या घराची वाट पाहत राहिलो असतो तर आजही आमच्या घरात मूल नसते.

शेवटी एक खोली आणि पुढे छोटीशी गॅलरी असे भाड्याचे घर घेतले आणि पत्नीला आणले. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे तिच्या माहेरी झाले, सव्वा महिन्यानंतरही ती काही महिने तिथेच राहिली, आणि मग बाळाला घेऊन इकडे आली. त्यानंतर कळले की खोली लहान असणे निभावता येते, पण हाताशी माणूस नसणे निभावता येत नाही. बाळाला ताप आला आणि मी रात्रपाळीला असलो, तर ती एकटी काय करणार? दिंडोलीत आमच्याच तालुक्यातले एक कुटुंब शेजारी होते, म्हणून दिवस निघाले. मुलगा आज महापालिकेच्या मराठी शाळेत शिकतो.

म्हणून ताईंना माझे सांगणे आहे की भाड्याने वेगळे राहायचे असेल तर सासरपासून हाकेच्या अंतरावर घर घ्या. शहराच्या कडेचा मोठा फ्लॅट घेऊन तिथे बाळाबरोबर दिवसभर एकटे बसण्यापेक्षा पिंप्राळ्यातलीच लहान जागा बरी. सासूबाई सकाळी येऊन बाळाला न्हाऊ-माखू घालतील आणि रात्री दार तुमचे तुम्हाला लावता येईल.

बँकेत कर्ज विभागात, अमळनेर

मी रोज तरुण जोडप्यांची कर्जप्रकरणे हाताळतो, म्हणून ताईंच्या दुसऱ्या वाटेचा हिशेब मांडतो.

२४ लाखांच्या फ्लॅटसाठी सहा लाख स्वतःचे घातले आणि १८ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १५,६०० रुपये येतो. दोघांच्या ४२ हजारांवर बँक हे कर्ज आनंदाने मंजूर करेल, कारण कागदावर हप्ता उत्पन्नाच्या ३७ टक्केच होतो. पण मूल झाल्यावर पगार दोन राहतील का, हा प्रश्न बँक विचारत नाही आणि जोडपीही त्या दिवशी विचारत नाहीत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतीरजा मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे, आणि ताईंनी शाळेकडे तो लेखी मागावा. तरीही रजा संपल्यावर लहान बाळाला टाकून कामावर जाता येईलच असे नाही. त्या काळात घरात फक्त २६ हजार येतील आणि त्यांतले साठ टक्के हप्त्यात जातील. अशी जोडपी पुढे हप्ता हलका होईपर्यंत मूल लांबवतात. ज्या मुलासाठी घर घेतले त्याच मुलाला ते घर अडवून धरते, हे मी फार वेळा पाहिले आहे, आणि दर वेळी वाईट वाटते.

म्हणून माझा सल्ला असा असतो की कर्ज एका पगारावर झेपेल एवढेच घ्यावे. दहा लाखांच्या कर्जाचा हप्ता याच दराने साधारण ८,७०० रुपये येतो, म्हणजे तुम्ही भाड्याचे म्हणता त्याहून थोडाच जास्त. तेवढ्यात नवा फ्लॅट येणार नाही, पण जुन्या इमारतीतला पुनर्विक्रीचा वन बीएचके किंवा आणखी काही बचत होईपर्यंत भाड्याचे घर, असे दोन पर्याय राहतात.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. त्यात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपयांचे व्याज अनुदान मिळू शकते. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. योजनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. तुम्ही सासऱ्यांच्या पक्क्या घरात राहता म्हणून तुम्ही अपात्र ठरत नाही, फक्त तुम्हा दोघांच्या नावावर देशात कुठेही पक्के घर असता कामा नये. राज्यात १ एप्रिल २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावाने निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. २४ लाखांवर ती २४ हजार रुपये होते आणि बाळंतपणाच्या खर्चाला थोडा हातभार लागतो.

गच्चीवर स्लॅबची खोली चढवण्याचा विचार असेल, तर पैसे घालण्यापूर्वी कागद करून घ्या. घर सासऱ्यांच्या नावावर आहे आणि उद्या दीरांचाही त्यावर हक्क सांगितला जाईल. आज सगळे प्रेमाने राहत आहेत, म्हणूनच वरच्या खोलीचा खर्च कोणी केला आणि ती कोणाकडे राहील, हे आजच लिहून ठेवणे सोपे आहे. महापालिकेची बांधकाम परवानगी घेतल्याशिवाय बँक त्यावर कर्ज देणार नाही, आणि घर सासऱ्यांचे असल्यामुळे त्यांनाही कर्जदार म्हणून सही करावी लागेल.

पिंप्राळ्याची सून, जळगाव

सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. हे सगळे मी यजमानांना वाचायला दिले. एका पगारावर हप्ता झेपला पाहिजे हा हिशेब त्यांना पूर्णपणे पटला, आणि फ्लॅटचा विचार आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे. डॉक्टरांचे म्हणणे त्यांनी दोनदा वाचले. पुढच्या वर्षीच्या आखाजीनंतर थांबायचे नाही, एवढे आमचे ठरले आहे. तोपर्यंत पिंप्राळ्यातच भाड्याची जागा पाहू. सासऱ्यांशी यजमान स्वतः बोलले, आणि खोलीची अदलाबदल करायला त्यांनी एका शब्दात होकार दिला. मागे जाताना त्यांनाही दररोज अवघडल्यासारखे होत होते, हे त्यांनीच सांगितले.

घराच्या डाव्या बाजूला चार फुटांचा बोळ आहे, त्यामुळे स्वयंपाकघराला बाहेरचे दार पाडणे शक्य दिसते. पण तो बोळ आमचा की शेजाऱ्यांचा, हे घरात कोणालाच नक्की माहीत नाही. याबाबत काय करावे?

बँकेत कर्ज विभागात, अमळनेर

नगरभूमापन झालेले असेल तर त्या कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि हद्दीचा नकाशा काढा. त्यात बोळ तुमच्या क्रमांकात आहे, शेजाऱ्यांच्या आहे की सामाईक वहिवाटीचा आहे, हे दिसते. नगरभूमापन झालेले नसेल तर मूळ खरेदीखतातल्या चतुःसीमा वाचा. बोळ सामाईक असला, तर दार पाडण्यापूर्वी शेजाऱ्यांची लेखी संमती घ्या, आणि दार आत उघडणारे बसवा, म्हणजे वाट अडल्याची तक्रार येणार नाही. भिंतीवर स्लॅबचा भार असेल तर गवंड्यावर सोडू नका, एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवून दारावर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, टाकून घ्या, आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात परवानगी लागते का हेही त्याच्याकडूनच विचारून घ्या. भाड्याच्या जागेचा करार मात्र अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा मागून पाहा आणि तो नोंदणीकृत करा. लहान कुटुंब आणि नियमित पगार पाहून बरेच घरमालक तयार होतात, फक्त भाडेकरूंनी ते मागितलेले नसते.